झोपेची दोन टोकं

महाड-पोलादपूरच्या शिक्षक बंधू-भगिनींनो,

सुरुवात एका कबुलीने करतो. पोलादपूरच्या वरच्या एका वाडीतला सातवीचा मुलगा माझ्या पहिल्याच तासाला पेंगायचा. एकदा बाकावर डोकं टेकून गाढ झोपला. उठवलं, तर गालावर वहीच्या तारेचे वळ. "रात्री काय करत होतास रे?" विचारलं. म्हणाला, "सर, दीड जीबी उरलं होतं. बाराला जातं ना!" वर्ग हसला, मीही हसलो आणि त्याला तासभर उभा ठेवला.

पुढे त्याच्या आईकडून कळलं, मुक्कामाची एसटी गाठायला तो सव्वापाचला उठतो. म्हणजे झोप जेमतेम पाच तास. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास आणि तेरा ते अठराच्या मुलाला आठ ते दहा तास झोप हवी, असं निद्रातज्ज्ञ सांगतात. त्यात वयात येताना शरीरातलं घड्याळच मागे पडतं. झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागतं. समोर उजळ पडदा असला की ते आणखी लांबतं. झोपेचं रात्रीचं टोक मोबाइल कुरतडतो, सकाळचं आपण.

फेब्रुवारी 2024 मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असं सांगितलं. चांगलंच झालं. पण घड्याळ सरकतं ते त्यानंतरच्या वयात, आणि नेमकी तीच मुलं राहिली. कॅलिफोर्नियात 2022 पासून या वयाच्या मुलांच्या शाळा आठच्या आधी भरत नाहीत. ग्रामीण भाग मात्र तिथेही वगळलाय. एसटीची अडचण तिकडेही असावी!

मोबाइल काढून घ्या, असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे कित्येकांचे वडील मुंबई-सुरतेला. ड्युटी सुटल्यावर रात्री दहाला व्हिडिओ कॉल येतो, तेव्हा त्या पडद्यावर बाप असतो. जुलै 2021 मध्ये सावित्री नदीचं पाणी महाडात शिरलं, तळिये गावावर दरड कोसळली. त्यानंतर पावसाळ्यात रात्री फोन बंद ठेवा, असं इथे कोणत्या तोंडाने सांगायचं? फोन चालू राहू दे. फक्त तो आईच्या उशाशी असावा, पोराच्या गोधडीत नको.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. दीड तास टीव्ही-मोबाइल बंद, अख्ख्या गावाचे. आपण मात्र उलटा भोंगा वाजवतो. पालकांच्या ग्रुपवर मीच रात्री पावणेदहाला गृहपाठ टाकलाय. त्या निमित्ताने हातात आलेला फोन मग खाली ठेवला जात नाही.

म्हणून तीनच गोष्टी मागतो. सातनंतर ग्रुपवर गृहपाठ नको. वरच्या वर्गांची वेळ पुढे सरकवता येते का, हे एसटीचं वेळापत्रक समोर ठेवून महाड आगाराशी बोलून पाहू. आणि पेंगणाऱ्याला उभं करण्याआधी त्याच्याजवळ जाऊ. मी त्या पोराला रात्रीचा जाब विचारला होता. पहाटे किती वाजता उठलास, हे विचारायचं राहून गेलं.