वालूरची बारव, वहीत

सेलू तालुक्यातल्या वालूरला चक्राकार बारव आहे. पायऱ्या गोल फिरत खाली पाण्याकडे उतरतात. गावकऱ्यांनी श्रमदानाने गाळ-कचरा उपसला आणि तिचं रूप पुन्हा दिसू लागलं.

दर आठवड्याला एकत्र बसून चित्रं काढणाऱ्या हौशी मंडळींना याहून चांगली जागा कुठे मिळणार? सिॲटलमधले पत्रकार गॅब्रिएल कॅम्पॅनारिओ यांनी २००७ मध्ये ‘अर्बन स्केचर्स’ हा चित्रं काढणाऱ्यांचा गट सुरू केला. या गटाचा मुख्य आग्रह: फोटोवरून नाही, जागेवर बसून, समोर दिसेल ते काढायचं. पुण्या-मुंबईतही असे गट आहेत. आपल्या गावात का नसावा?

बारव काढताना खरी कसोटी गोलाईची. काठावरून पाहा. वरचा, नजरेजवळचा घेर चपटा दिसतो. खालचे घेर लहान, पण अधिक गोल होत जातात. सगळे सारखेच चपटे काढले, की खोली हरवते. म्हणून आधी फिकट हाताने घेर आखा, पायऱ्या मागाहून. दगड मोजत बसू नका. सावली कुठे पडते ते पकडा. सकाळचं तिरपं ऊन त्यासाठी उत्तम.

साधी वही आणि पेन्सिल पुरे. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांनाही सोबत घ्या. पावसाळ्यात मात्र पायऱ्या निसरड्या होतात, तेव्हा काठापासून जरा लांबच बसा.