शिबिरातल्या पायानंतर



आपल्या जिल्ह्यात सोयाबीनच्या सुगीत मळणीयंत्रात हात सापडतो, रस्त्यावरच्या अपघातात पाय जातो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलावर हे ओढवले म्हणजे गाव चार दिवस हळहळते. मग शिबिरात पाय मिळतो आणि प्रश्न सुटला असे सगळे धरून चालतात. आम्हांस बोलायचे आहे ते त्यानंतरचे.

१९६८ साली जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबरी पाऊल सिद्ध केले. त्यावर अनवाणी चालता येते, उकिडवे बसता येते, चिखल तुडवता येतो. काळ्या रानात राबणाऱ्यास याहून सोयीचे ते काय? परंतु मुलगा वाढतो, हा पाय वाढत नाही. वर्षा-दोन वर्षांत तो आखूड पडतो, वरचा साचा दाटतो, कातडी सोलते. हाड मध्येच कापलेले असेल तर वाढत्या वयात त्याचे टोक पुढे येऊन आतून टोचते. कधी पुन्हा शस्त्रक्रियाही लागते. मुलगा पाय घालीनासा झाला की घरचे म्हणतात, आळशी झाला. पाय खुंटीवर जातो, मागोमाग दप्तर!

नसलेल्या पायाची बोटे रात्री ठणकतात, हे तर तो कोणाला सांगतच नाही. लोक वेडा म्हणतील. अंब्रुआझ पारे या फ्रेंच शस्त्रवैद्याने हे दुखणे सोळाव्या शतकातच नोंदले आहे. पाय गेला तरी मेंदूतील त्याची जागा राहते.

मुंबईच्या नर्तकी सुधा चंद्रन यांचा पाय १९८१ साली, ऐन किशोरवयात गेला. १९८४ साली त्या पुन्हा रंगमंचावर नाचल्या. लोकांना तो नाच आठवतो. आम्हांस मधली तीन वर्षे मोलाची वाटतात. आपल्या खेड्यातल्या मुलाला तेवढी वर्षे कोण देतो? २०१६ च्या कायद्याने ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मुलास अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पण कवायतीच्या तासाला त्याला चपला राखायला बसवले, तर हक्क कागदावरच राहतो.

आईबापांना एवढेच सांगतो. जूनमध्ये शाळेचा गणवेश शिवायला टाकाल, त्याच आठवड्यात मुलाला पाय घालून भिंतीशी सरळ उभे करा आणि कमरेची दोन्ही हाडे एका पातळीत आहेत का ते पाहा. एक बाजू खाली दिसली, तर पाय बनवणाऱ्याकडे तेव्हाच घेऊन जा. पुढल्या शिबिराची वाट पाहू नका.