उघड्या नोंदी आणि माणसाचा माग

गिटहबवर कोड लिहिणाऱ्या माणसाची माहिती काढायला कुठलेही कुलूप फोडावे लागत नाही. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्स कर्नलच्या कामासाठी कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे गिट लिहिले. हजारो जण मिळून लिहीत असलेल्या कोडमध्ये कोणता बदल कोणी केला, हे कळणे ही तिथली रोजची गरज होती. म्हणून प्रत्येक कमिटमध्ये, म्हणजे नोंदवलेल्या बदलात, लेखकाचे नाव, ईमेल, तारीख, वेळ आणि त्याचा टाइमझोन नोंदला जातो. २००८ साली आलेल्या गिटहबने ही नोंदवही साऱ्या जगासमोर मांडली. सुटी सुटी पाहिली तर यातली एकेक नोंद क्षुल्लक आहे. पण चार-पाच वर्षांच्या कमिट एका रांगेत लावून पाहा. +०५३० हा टाइमझोन बहुधा भारत सांगतो (श्रीलंकेचाही तोच आहे). एखाद्या महिन्यापासून तो -०८०० झाला, तर माणूस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गेला असावा. कंपनीचा ईमेल बदलला की नोकरी बदलल्याचा अंदाज येतो, रात्री दोनच्या कमिटवरून झोपेच्या वेळा कळतात, आणि दूरच्या संगणकात लॉगिन करायची एकच एसएसएच चावी दोन सेवांवर सापडली की दोन टोपणनावांमागचा माणूस बहुतेक एकच ठरतो. यातले काहीच त्याने कुणाला सांगितलेले नसते. माझे म्हणणे असे आहे, की उघडी नोंद पाहणे आणि अशा नोंदी जोडून माणूस उभा करणे या दोन वेगळ्या कृती आहेत. पहिलीला दिलेली संमती दुसरीला लागू होत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: माहिती त्यानेच उघड केली, मग तक्रार कसली? हा आक्षेप दुबळा नाही, कारण आपला कायदाही त्याच बाजूचा आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने, व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेली माहिती आपल्या कक्षेबाहेरच ठेवली आहे. पण याच देशात मतदारयादीचे काय होते ते पाहावे. यादी कुणालाही पाहता येते, ती तशी असायलाच हवी. तरीही निवडणूक आयोग ती यंत्राला सहज शोधता येणार नाही अशा चित्ररूपात ठेवतो. शोधता येणारी यादी द्यावी, ही मागणी २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केली नाही. म्हणजे एकेक नाव तपासू देणे वेगळे आणि सगळी नावे चाळून मतदारांची वर्गवारी करू देणे वेगळे, हा विवेक आपल्याकडे आधीपासून आहे. २०२३ च्या कायद्यात तो उतरला नाही, इतकेच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. असा माग काढला नाही तर घातपाती सापडणार कसे? यासाठी एक्सझेड प्रकरणाचा दाखला देतात, म्हणून ते नीट पाहू. लिनक्समध्ये सर्वत्र वापरली जाणारी ही लायब्ररी जवळजवळ एकटाच मेन्टेनर (देखभाल करणारा) सांभाळत होता. २०२१ साली ‘जिया टॅन’ नावाचे खाते उगवले आणि निमूटपणे उपयोगी काम करू लागले. २०२२ मध्ये ‘जिगर कुमार’ आणि आणखी काही नावे मेन्टेनरवर दबाव आणू लागली, की काम रखडते आहे, दुसऱ्या कुणाच्या हाती द्या. ‘जिया टॅन’ला अधिकार मिळाले आणि २०२४ च्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा शिरला. त्यानंतर जगभरच्या अभ्यासकांनी त्या कमिट पिंजून काढल्या. बहुतेकांवर +०८०० म्हणजे चीनकडची वेळ, मोजक्यांवर +०२०० आणि +०३००, कामाचे तास पूर्व युरोपला जुळणारे. पण घड्याळ लिहिणाऱ्याचे, टाइमझोन त्याचा आणि नावही त्यानेच घेतलेले. इतके खणूनही त्या नावामागे कोण होते, हे सिद्ध झालेले नाही. चोरदरवाजा उघडकीस आणला तो अभियंते आंद्रेस फ्रॉइंड यांनी, २९ मार्च २०२४ रोजी, आणि तोही कुणाच्या चरित्रावरून नव्हे. एसएसएचला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे त्यांनी शोधले म्हणून. कोड तपासला, माणूस नव्हे.

याउलट प्रामाणिक माणसाच्या नोंदी खऱ्या असतात, म्हणून जाळ्यात तोच सापडतो. जुलै २०२३ मध्ये गिटहबनेच इशारा दिला होता, की उत्तर कोरियाशी जोडलेली एक टोळी क्रिप्टोचलन, सायबर सुरक्षा अशा कंपन्यांतल्या कर्मचाऱ्यांना वैयक्तिक खात्यांवर गाठते, एकत्र काम करू म्हणून रिपॉझिटरीत बोलावते आणि त्यातून विषारी कोड त्यांच्या संगणकावर चालवते. अशी सावजे हेरायला उघड्या नोंदीच कामी येतात. तपासयंत्रणेने एखाद्या ठरावीक गुन्ह्यापुरता माग काढावा, त्याला माझा विरोध नाही. मात्र तपासाच्या नावाखाली सरसकट सगळ्यांचे बाड तयार ठेवणे समर्थनीय नाही.

उरतो तो ‘नको असेल तर सेटिंग बदला’ या उत्तराचा मुद्दा. गिटहब ईमेल झाकायची सोय देतो, हे खरे. पण ती पुढच्या कमिटसाठी. जुन्या कमिटमधला ईमेल बदलला की तिचा हॅश (मजकुरावरून निघणारी ओळखखूण) बदलतो, आणि त्यामागोमाग पुढच्या प्रत्येक कमिटचा. शिवाय जगभर उतरवून घेतलेल्या प्रती तशाच राहतात. झाकलेपण हीच मूळ स्थिती असायला हवी आणि स्वतः उघड केलेली माहिती कक्षेबाहेर ठेवणाऱ्या कायद्यातल्या सवलतीला मर्यादा हवी. तोवर आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी एवढे तरी करावे: गिट शिकवताना विद्यार्थ्याने पहिली कमिट करण्याआधीच त्याला खरा ईमेल झाकणारा नो-रिप्लाय पत्ता लावायला शिकवावे.