बोरीबंदरची सहल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



सहलीचा विषय मांडण्याचे काम मंडळाने माझ्याकडे दिले आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदराहून ठाण्याला आपल्या देशातली उतारूंची पहिली आगगाडी निघाली. चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे, ओढावयास साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने, वर एकवीस तोफांची सलामी! त्या गोष्टीला १६ एप्रिल २०२८ रोजी १७५ वर्षे पुरी होतील. तो दिवस रविवार आहे. त्या दिवशी बोरीबंदरी, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर, जावे आणि तेथून लोकलने ठाणे गाठावे, असा बेत आहे.

गेल्या सभेत एक भगिनी म्हणाल्या, “जी रेल्वे आपल्या अकोले तालुक्यात कधी आली नाही, तिचा वाढदिवस आपण कशाला करावयाचा?” प्रश्न रास्त आहे. मलाही त्या रात्री झोप लागली नाही, पण ती निराळ्या कारणाने. माझ्या सासूबाईंनी उभ्या जन्मात गाडीत पाऊल टाकले नाही. भाताची पोती घोटीला गेली, मुलगे मुंबईला गेले, त्या मात्र बांधावरच राहिल्या. “आवणी होऊ द्या, मग नेते,” असे मी दरवर्षी म्हणे. आवणी झाली की निंदणी, मग कापणी, मग कोणाचे तरी बाळंतपण. त्या गेल्या आणि माझा शब्द माझ्यापाशीच राहिला. आपल्यात अजून सातजणी अशा आहेत. नावे घेत नाही; त्या हसताहेतच.

रेल्वे हे पुरुषांचे काम, असेही कोणी समजू नये. बोरघाटाचे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे येताच वारले. ते काम त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी पुढे चालविले, आणि १८६३ साली घाट खुला झाला. त्या कामी हजारो मजूर दगावले, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. आपल्या जवळचा थळघाट १८६५ सालचा. सातारा जिल्ह्यातल्या सुरेखा यादव, देशातल्या पहिल्या महिला इंजिनचालक म्हणून नावाजलेल्या, २०२५ साली निवृत्त होण्यापूर्वी राजधानी एक्सप्रेस इगतपुरीहून मुंबईला घेऊन गेल्या, त्या याच घाटातून.

आता व्यवहाराचे. पहाटे जीपने इगतपुरी, तेथून पंचवटीने मुंबई, संध्याकाळी त्याच गाडीने परत. येताना कसाऱ्याला मागून जादा इंजिने लावतात ती जरूर पाहावीत. दर ३७ फुटांमागे एक फूट असा तो चढ आहे. वयस्कर स्त्रियांची तिकिटातली सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, तेव्हा पैसे पूर्ण धरावे लागतील. त्यासाठी भिशीच्या दिवशी दरमहा वीस रुपये निराळे काढावेत. आरक्षण साठ दिवस आधी मिळते, म्हणून फेब्रुवारीच्या आरंभी नावे द्यावीत. एप्रिल म्हणजे लग्नसराई; कृपा करून त्या तारखेला कोणी मुलीचे लग्न धरू नये!

भाकरी आणि ठेचा जिने तिने आणावा. खिडकीच्या जागा त्या सातजणींच्या.