दालचिनीचं पाणी आणि मामाच्या गोळ्या

आजचा विषय थेट घरातूनच आलाय.

माझ्या मामाला टाइप टू डायबिटीस आहे. आठ वर्षं गोळ्या चालू होत्या. मागच्या महिन्यात भेटला तर म्हणतो, "अगं, गोळ्या सोडल्या मी. रोज सकाळी दालचिनीचं पाणी घेतो. ग्रुपवर आलं होतं." साखर तपासली. उपाशीपोटी २४०!

मग मी शोधायला बसले. गंमत म्हणजे तो फॉरवर्ड अगदीच हवेतला नव्हता. २००३ साली पाकिस्तानात टाइप टूच्या ६० रुग्णांवर एक अभ्यास झाला. काहींना रोज १, ३ किंवा ६ ग्रॅम दालचिनी दिली, बाकीच्यांना नुसतीच दिसायला तशी कॅप्सूल. ४० दिवसांत दालचिनीवाल्यांची उपाशीपोटीची साखर १८ ते २९ टक्क्यांनी उतरली.

पण फॉरवर्डमध्ये एक गोष्ट गाळली होती. त्या रुग्णांनी डायबिटीसच्या गोळ्या सोडल्याच नव्हत्या! दालचिनी गोळीच्या जोडीला होती, गोळीऐवजी नाही.

पुढे २०१२ मध्ये कॉक्रेनच्या संशोधकांनी असे १० अभ्यास एकत्र तपासले. एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर, दालचिनीने ठोस कमी होते असं काही दिसलं नाही.

शिवाय आपल्याकडे मिळणारी जाड सालीची दालचिनी बहुतेकदा कॅशिया असते. तिच्यात कूमरिन नावाचं द्रव्य असतं. चहात, भातात चिमूटभर ठीक. पण रोज चमचे-चमचे घेतली तर काहींच्या लिव्हरला त्रास होऊ शकतो.

मग मसाल्यांचा उपयोगच नाही का? आहे ना! मेथीदाणे भिजवले की बुळबुळीत होतात, बघितलंय? ते गॅलॅक्टोमॅनन, एक प्रकारचं फायबर. त्यामुळे जेवणातली साखर रक्तात हळूहळू उतरते. फक्त गोळ्या चालू असताना मेथी जास्त घेतली, तर साखर खाली जाऊ शकते. घाम, थरथर, चक्कर आली तर लगेच साखर खायची. आणि मुळात, सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगायचं.

मामाला मी डॉक्टरांकडे घेऊन गेले. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. दालचिनी आता मसालेभातात असते.

तुमच्याही घरात असा कुणी मामा असेल. त्याला ओरडू नका. एवढंच विचारा, "गोळी घेतलीस ना?"

भेटू पुढच्या भागात!