लंबोदराला नैवेद्य, लेकराला टोमणा

मायबाप, भाद्रपद आला की आपण लंबोदराला घरी आणतो. त्याच्या पोटाचं केवढं कौतुक! पुढं 21 मोदकांचा नैवेद्य. आणि आपल्याच घरातलं लेकरू जरा अंगानं भरलं, की त्याला 'जाड्या' म्हणतो. आता सांगा, भक्ती कुठं गेली?

हे पाप मीही केलं आहे. 15-16 वर्षांपूर्वी लोकांना हसवण्यासाठी पुढं बसलेल्या एका बाईंच्या देहावरून मी कीर्तनात विनोद केला. सारा मंडप हसला. बाईही हसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांची जागा रिकामी! पुढं त्यांच्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "बुवा, भाऊजी गेल्यापासून ती रात्री एकटी उठून खाते. दिवसा लोकांदेखत अर्धीच भाकरी घेते. हरिकथा तेवढी तिच्या विसाव्याची जागा होती." तीच मी हिरावून घेतली, बघा.

कुणी म्हणेल, जिभेला आवर नको का? हवाच. गीतेचा सहावा अध्याय सांगतो, फार खाणाऱ्याला योग साधत नाही, मुळीच न खाणाऱ्यालाही नाही. पण चरकसंहितेत स्थूलतेची कारणं किती मोजली आहेत! जड आणि गोड खाणं, व्यायाम नसणं, दिवसाची झोप, कशाचीच चिंता नसणं. आणि जोडीला बीजस्वभाव, म्हणजे आईबापांकडून आलेला देहधर्म. आजचे डॉक्टर सांगतात, अतिचिंतेनं आणि जागरणानंही खाणं वाढतं. म्हणजे दोष एकट्या जिभेचा नाही. ज्याला हिणवावं तो लपून खातो, बाहेर पडायला लाजतो.

आणि आपण काय करतो? पंगतीत "माझी शपथ आहे, एक जिलबी घ्याच!" तोच माणूस हात धुवायला उठला, की मागं हसतो. आधी आग्रह, मग निंदा!

मायबाप, एवढं करा. नको म्हणणाऱ्याच्या पानात वाढू नका. कुणाच्या देहाला नावं ठेवू नका. एकटं जेवणाऱ्याजवळ घडीभर बसा, संध्याकाळी त्याला देवळापर्यंत सोबत चालत न्या. पोट भाकरीनं भरतं, मनाला माणूस लागतो.

मी त्या बाईंच्या दारी गेलो, हात जोडले. त्यांनी चहा दिला. कीर्तनाला मात्र त्या पुन्हा आल्या नाहीत. म्हणून हे तुम्हाला सांगतो.

रामकृष्ण हरी!