नव्या भाषेला सांभाळणारी माणसे हवीत



मुक्त सॉफ्टवेअरच्या या परिषदेत स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो.

आपण कृष्णाकाठी जमलो आहोत. १९४९ साली साताऱ्यातून दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. जिल्हे दोन झाले तरी नदी एकच राहिली आणि शिक्षणाची ओढही एकच राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. सांगलीचे आजचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ चे, कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चे, तर राजारामनगरचे राजारामबापू तंत्रज्ञान संस्थान १९८३ चे. वालचंदच्या विद्यार्थ्यांचा लिनक्स गट तर मुक्त सॉफ्टवेअरच्या वर्तुळात सर्वांच्या परिचयाचा आहे. अशा भूमीत ही परिषद भरते आहे याचा मला अभिमान वाटतो.

मोठ्या मुक्त प्रकल्पात नवी प्रोग्रामिंग भाषा कशी आणावी, हा आपल्या चर्चेचा मुख्य विषय आहे. या प्रश्नाचा धडा आपल्या मातीतही सापडतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला त्यांना सुमारे दोन वर्षे लागली. पुढे औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जागा दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे आणि किर्लोस्करवाडी सांगलीत. त्याच वाडीतून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक निघू लागले. चांगली वस्तू तयार झाली म्हणजे काम संपत नाही. वापरणाऱ्याचा विश्वास मिळवावा लागतो आणि त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलत राहावे लागते.

आता लिनक्सकडे वळू. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेला हा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तीस वर्षे मुख्यतः सी भाषेत लिहिला गेला. सी वेगवान आहे आणि यंत्राच्या अगदी जवळ आहे, पण मेमरी मागायची आणि परत करायची ती प्रोग्रामरनेच. परत केलेली जागा चुकून पुन्हा वापरली किंवा ॲरेच्या हद्दीबाहेर लिहिले, तरी कंपायलर सहसा अडवत नाही. हल्लेखोरांना आत शिरायला अशाच चुका पुरतात. २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आलेल्या रस्ट भाषेत प्रत्येक मूल्याचा मालक ठरलेला असतो. ते कोणाला किती काळ उसने दिले आहे हे कंपायलर तपासतो आणि नियम मोडला तर प्रोग्राम बनूच देत नाही. ‘अनसेफ’ म्हणून वेगळे काढलेले भागच काय ते प्रोग्रामरच्या भरवशावर राहतात.

याचा उपयोग किती होतो? गूगलने अँड्रॉइडचे आकडे प्रसिद्ध केले आहेत. २०१९ मध्ये त्यातील सुरक्षात्रुटींपैकी ७६ टक्के त्रुटी मेमरीच्या चुकांमुळे होत्या. २०२४ मध्ये हे प्रमाण २४ टक्क्यांवर आले. यासाठी जुने सारे कोड पुन्हा लिहावे लागले नाही. नवे काम मेमरीच्या दृष्टीने सुरक्षित भाषांत होत गेले आणि जुन्या कोडमधील चुका काळाबरोबर दुरुस्त होत गेल्या. हे आपण नीट लक्षात घेतले पाहिजे. सगळे मोडून नव्याने लिहू, या उत्साहात अनेक प्रकल्पांची वर्षे वाया जातात.

लिनक्समध्ये मिगेल ओखेदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये रस्टचा प्रस्ताव मांडला. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ६.१ आवृत्तीत रस्टचा पाया दाखल झाला, तोही प्रयोग म्हणून. त्यानंतरची वाट खडतर होती. ऑगस्ट २०२४ मध्ये रस्टच्या बाजूचे एक प्रमुख विकासक वेडसन अल्मेडा फिल्हो बाजूला झाले. तंत्राशी संबंध नसलेल्या वादांना उत्तरे देण्याची उमेद आता उरली नाही, असे त्यांनी कळवले. २०२५ च्या सुरुवातीला कर्नलचे जुने देखभालकर्ते क्रिस्टोफ हेलविग यांनी एकाच प्रकल्पात दोन भाषा मिसळण्याला कडाडून विरोध केला.

या विरोधाला हट्ट म्हणून बाजूला सारू नये, असे मला मनापासून वाटते. त्यामागचा प्रश्न खरा आहे. सी मधला एखादा इंटरफेस बदलला की त्यावर बेतलेला रस्टचा भाग मोडणार. तो दुरुस्त कोण करणार? वीस वर्षे एखादा विभाग सांभाळणाऱ्या माणसाने हे विचारले, तर त्याला उत्तर मिळालेच पाहिजे. टोरवाल्ड्स यांनी मार्ग काढला. ज्याला रस्ट नको त्याच्यावर सक्ती नाही, पण आपल्या कोडचा नुसता वापर करणाऱ्या रस्टच्या कोडला त्याने अडवायचेही नाही. डिसेंबर २०२५ मध्ये टोकियोत प्रमुख देखभालकर्त्यांची बैठक झाली आणि रस्टवरचा ‘प्रयोग’ हा शिक्का काढण्याचे ठरले.

दुसरी बाजूही पाहू. २०२१ मध्ये पायथनच्या ‘क्रिप्टोग्राफी’ लायब्ररीचा काही भाग रस्टमध्ये गेला, तेव्हा कमी वापरातल्या प्रोसेसरांवर काम करणारे लोक अडले, कारण त्यांच्यासाठी रस्टचा कंपायलरच उपलब्ध नव्हता. नव्या भाषेचा निर्णय घेताना कोण मागे राहील, याचा हिशेब आधीच मांडायला हवा.

यावरून माझे मत ठाम झाले आहे. नवी भाषा मोठ्या प्रकल्पात केवळ गुणांच्या जोरावर टिकत नाही. तिच्यात लिहिलेल्या प्रत्येक ओळीची जबाबदारी वर्षानुवर्षे घेणारी माणसे असतील, तरच ती टिकते. कोड लिहून देणारे पुष्कळ भेटतात. तीन वर्षांनी आलेली त्रुटी रात्री बसून दुरुस्त करणारे थोडे असतात. जुन्या जाणत्यांच्या अनुभवाचा मान राखणारे तर आणखी थोडे.

अशी माणसे कराड, सांगली, साताऱ्यात का घडू नयेत? मुक्त प्रकल्पात पत्ता विचारला जात नाही, काम पाहिले जाते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमाने मुक्त सॉफ्टवेअरचे धडे मराठीतही दिले आहेत. तोच कित्ता गिरवून रस्टमधली मालकी आणि उसनवारी मराठीत समजावणारे धडे आपल्या महाविद्यालयांनी तयार करावेत.

  

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडे एकच मागणे आहे. परिषद संपवून घरी जाल तेव्हा एखादा मुक्त प्रकल्प निवडा. त्यातला लहानसा का होईना, एक भाग आपला माना आणि तो निदान पाच वर्षे सांभाळा. भाषा सी असो वा रस्ट, मुक्त सॉफ्टवेअरला आज सर्वांत जास्त गरज आहे ती सांभाळणाऱ्यांची.